पुढाऱ्यांचा मर्दानी मुखवटा

पुढारी बलवान असावा ही लोकांची अपेक्षा फार जुनी आहे आणि तीत गैर असे काही नाही. मात्र बलवान असणे निराळे आणि बलवान दिसणे निराळे. खारबावहून जाणारी आगगाडी ज्या वसईला पोचते, ती वसई १७३९ साली जिंकणारे चिमाजीअप्पा प्रकृतीने नाजूक होते; पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पराक्रमाला छातीच्या मापाची गरज पडली नाही. आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो दिसण्याचा.

हे दिसणे घडवतात कसे? पुष्कळदा काहीतरी काढून टाकून. इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याचे १९३७ साली त्रिपोलीत एक छायाचित्र घेण्यात आले. तो घोड्यावर बसला आहे, हातातली तलवार उंच उगारलेली आहे. वास्तविक घोडा स्थिर राहावा म्हणून शेजारी एक मोतद्दार लगाम धरून उभा होता. प्रसिद्ध झालेल्या चित्रातून तो मोतद्दार पुसण्यात आला आणि वीर तेवढा शिल्लक राहिला. रशियाच्या पुतिन यांनी २०११ च्या ऑगस्टात पाण्यात बुडी मारून दोन प्राचीन कुंभ वर आणले. दोनच महिन्यांनी त्यांच्याच प्रवक्त्याने कबुली दिली की, ते कुंभ संशोधकांना आधीच सापडलेले होते. तेथे मोतद्दार पुसला, येथे कुंभ पेरले, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी सर्वांत जाणतेपणाने केले, ते बाळासाहेब ठाकरे व्यवसायाने व्यंगचित्रकार होते, हे विसरून चालणार नाही. १९६० साली त्यांनी ‘मार्मिक’ काढले आणि १९६६ च्या जूनमध्ये शिवसेना स्थापन केली. व्यंगचित्रकाराला एक मर्म पक्के ठाऊक असते. माणसाच्या दहा गोष्टी रेखाटू नयेत; एक पकडावी आणि ती वाढवावी. ठाकरे यांनी ही विद्या स्वतःवरच चालवली. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर चष्मा. पण मागे जबडा वासलेला वाघ, खांद्यावर भगवी शाल, गळ्यात रुद्राक्षांच्या माळा आणि समोर शिवाजी पार्कवर दसऱ्याची अफाट गर्दी. स्वतः एकही निवडणूक न लढवलेल्या या माणसात लोकांना वाघच दिसला. नोकरीच्या दारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मराठी तरुणाला त्या चित्राने ताठ उभे राहण्याची हिंमत दिली, हे नाकारणे अन्यायाचे होईल.

पण मर्द दिसावयाचे तर दुसऱ्या कोणाला तरी नामर्द ठरवावे लागते. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याची रीत आपल्याकडे सगळ्याच पक्षांनी पाळली. गंमत अशी की तो आहेर पुष्कळदा स्त्रियाच घेऊन जातात! २०२० च्या फेब्रुवारीत देवेंद्र फडणवीस यांनी शिवसेनेला बांगड्यांवरून टोमणा मारला, तेव्हा आदित्य ठाकरे यांनी त्यांना माफी मागावयास सांगितली. बांगड्या तर सर्वांत सामर्थ्यवान स्त्रिया घालतात, असे ते म्हणाले. वाघाच्या घरातून हे उत्तर यावे, याची आम्ही विशेष नोंद घेतो.

याहून मोठी अडचण खुद्द पुढाऱ्याची होते. एकदा वाघाचे कातडे पांघरले की त्याला एक पाऊल मागे घेता येत नाही. चार शहाण्यांचे ऐकून मिरवणुकीचा रस्ता बदलला, तर अनुयायीच त्याला भित्रा म्हणतील. आणि मिरवणूक हेही शौर्याचे एक चालते चित्रच असते. खारबावकरांना हे लांबून सांगण्याची गरज नाही. भिवंडी रोड हे त्यांचे अगदी पुढचे स्थानक. ७ मे १९७० रोजी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. तिची पुढे न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली. १९८४ च्या मे महिन्यात तेच गाव पुन्हा जळाले. घरे गेली, माग गेले, माणसे गेली. ज्यांची गेली त्यांच्यात कोणी वाघ नव्हता. कोणी मागावर काम करणारा होता, कोणी दुकानदार.

त्यानंतर, १९८८ च्या सुमारास, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले शेजारी पोलिसांसह एकत्र बसत, कुरबुरी ऐकत आणि अफवा तेथल्या तेथे खोडून काढत. दुसऱ्याची तक्रार मान खाली घालून ऐकणाऱ्या माणसाचे चित्र कोणी चौकात फलकावर लावणार नाही. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी, या दोन महिन्यांत मुंबई जळत होती. त्या वेळी भिवंडीत दंगल झाली नाही.