निवांत बसलेला माणूस

खोली रिकामी झाली की दिवे आपोआप विझवणाऱ्या सेन्सरला सगळ्यात अवघड जातो तो पुस्तकात मान घालून बसलेला विद्यार्थी. तलासरीतल्या एका अभ्यासिकेत असा सेन्सर बसवायचं काम चाललं होतं. वायरमननं आधी छताच्या मधोमध खूण केली. मग खाली उतरून बाकांच्या रांगा पाहिल्या, खूण पुसली आणि सेन्सर थेट बाकांच्या वर घेतला. मला ते फार पटलं.

या पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सरला माणूस कळत नाही, अंगातून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल तेवढा कळतो. त्याच्यावरचं फ्रेनेल भिंग खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडतं. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारी हालचाल त्याला दिसते. त्यामुळे आडवा जाणारा चटकन सापडतो, समोरून सरळ येणारा उशिरा. डबीवर छापलेला पल्ला चालत्या माणसाचा असतो. पान उलटणारा हात टिपायचा, तर सेन्सर बराच जवळ हवा.

त्यात इथला उकाडा. मे महिन्यात तापलेल्या स्लॅबखाली भिंती चौतीस-पस्तीस अंशांवर गेल्या, की त्वचा आणि भिंत यांच्यातला फरकच उरत नाही. सेन्सर मंदावतो. गच्चीला पांढरा रंग दिला तर खोली थंड राहते आणि सेन्सरचंही काम सोपं होतं, हे ठेकेदारांना कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीनं भूकंपाचे कितीतरी धक्के सोसले आहेत. सेन्सर स्वतः हलला, तर स्थिर खोलीतही त्याला हालचाल दिसते. म्हणून तो लोंबत्या पट्टीवर न लावता स्लॅबलाच स्क्रूनं आवळला. व्हरांड्यातली ये-जा दिसू नये म्हणून भिंगाचा दाराकडचा भाग चिकटपट्टीनं झाकला. मग एकानं बाकावर बसून नुसती पानं उलटायची आणि दुसऱ्यानं सेन्सरचा लाल दिवा पाहायचा, अशी तपासणी झाली.

छातीची हालचालही टिपणारे रडार सेन्सर आता मिळतात. पण ते पातळ प्लायवूडपलीकडचंही पाहतात आणि फिरत्या पंख्यांना फसू शकतात. इथे पंखे दिवसभर चालू असतात.

माणूस गेल्यावर १५ मिनिटांच्या आत दिवे बंद व्हावेत, असं ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ सांगते. अभ्यासिकेत ती पंधराही मिनिटं पुरी द्यावीत. वाचता वाचता दोनदा अंधार झाला, की मुलं सेन्सर काढून तारा थेट जोडायला लावतील. तपासणीत मागच्या दोन रांगांतल्या पानांना लाल दिवा लागेना, म्हणून तिथे दुसरा सेन्सर घेतला.