पैसे घ्यायला पिन लागत नाही. मोबाईलवर व्यवहार करताना एवढं तपासा

म्हैस, कडबा नाहीतर जुना ट्रॅक्टर विकायचा असला की आता मोबाईलवर फोटो टाकला जातो. थोड्याच वेळात फोन येतो. समोरचा भाव पाडत नाही, जनावर बघायलाही येत नाही. ‘मी लष्करात आहे, गाडी पाठवतो, ॲडव्हान्स आत्ताच टाकतो’ म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवतो. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ पिन टाकला की पैसे जमा होत नाहीत, उलट आपल्याच खात्यातून जातात.

यूपीआयचा पिन म्हणजे बँकेतल्या पैसे काढायच्या स्लिपवरची सही समजा. आपल्या खात्यात दुसरा कोणी पैसे भरणार असेल, तर आपली सही कशाला लागेल? पिन पैसे देताना लागतो, नाहीतर आपली शिल्लक बघताना. घेताना कधीच लागत नाही. क्यूआर कोडही पैसे देणाऱ्यानेच स्कॅन करायचा असतो.

पूर्वी भामटे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ म्हणजे पैशांची मागणी पाठवायचे. माणसं ती पैसे आले समजून मंजूर करायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने बंद केली. त्यामुळे फसवणूक मात्र थांबलेली नाही. आता या गोष्टी सांभाळा :

* स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बाजारात शेळी विकली आणि घेणाऱ्याने ‘पेमेंट झालं’ म्हणून मोबाईल दाखवला, तरी आधी आपल्या खात्यातली शिल्लक बघा, मगच दावं हातात द्या. ‘पैसे जमा’ असा मेसेजही खोटा असू शकतो. रेंज कमी असेल तर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय शिल्लक बघता येते. त्यासाठी बँकेत दिलेलाच नंबर हवा.
* ‘पीएम किसानची यादी’ किंवा ‘गाडीचं चलन’ म्हणून एपीके फाईल आली तर उघडू नका. ती मोबाईलमध्ये बसली की ओटीपी चोराला दिसू शकतो.
* बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका. तो पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो.
* ॲपमधली ‘ऑटोपे’ यादी अधूनमधून बघा. एकदा मंजुरी दिली की रक्कम आपोआप कापली जाते.

एवढं करूनही पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, तारीख, वेळ आणि रक्कम जवळ ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे निघायच्या आत तक्रार गेली, तर ते रोखून धरता येतात. सकाळची वाट बघू नका.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर पुन्हा पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची. म्हणून तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा.

बरेच जण ‘गावात हसं होईल’ म्हणून दोन-दोन दिवस गप्प बसतात. चोराला हवे असतात तेच हे दोन दिवस. घरात म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल असेल, तर पिनची ही गोष्ट त्यांना आजच समजावून सांगा.