रोस्टरमधला रकाना

सकाळी ७.४०
विभागात पाऊल टाकलं की आधी नोटीस बोर्डापाशी थांबते. विदर्भातलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, मेडिसिन विभाग. दारावर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावली आहे. पण विभागाची नियत कळते ती ड्यूटीच्या रोस्टरवरून. लक्ष्मीपूजनाची रात्र कोणाच्या नावावर, रक्तपेढीकडे कोण धावणार, प्रोसिजर कोणाच्या हाती. या महिन्याचं रोस्टर मी परत लिहायला लावलं आहे.

८.३०
राउंड. बेड १४ वर सिकलसेलची सतरा वर्षांची मुलगी, भामरागडकडची. रात्रभर कण्हत होती. ‘मॅडम, ही सारखी इंजेक्शन मागते,’ सीनियर रेसिडेंटचा सूर. क्रायसिसचं दुखणं एक्स-रेत दिसेलच असं नाही. ज्याला दुखतं त्यालाच विचारावं लागतं. विचारणार कसं? ती माडिया बोलते. ‘त्याला बोलवा रे,’ कोणीतरी म्हणतं. तो म्हणजे आमचा जेआर वन, पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, घरी माडिया बोलणारा. शेजारच्या वॉर्डातून येतो, तिच्या उशाशी बसतो. दहा मिनिटांत कळतं की हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या महिनाभरापूर्वीच संपल्या होत्या. वेदनेचं औषध लगेच वाढवलं, गोळ्यांची सोय लावली.

१०.००
ओपीडी. सरकारी महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे माझे रेसिडेंट केरळपासून बिहारपर्यंतचे. आज केरळची मुलगी एका आजींना विचारत होती, ‘जिवाला कसंतरी होतं का?’ आजी खुलल्या. हे मराठी तिला वॉर्डातल्या सिस्टरांनी शिकवलं.

१२.३०
लॉगबुक तपासणी. रोस्टर बदलायचं कारण इथेच सापडलं. गेल्या महिन्यात बरोबरीच्यांच्या नावावर पाच-सहा लंबर पंक्चर, माडिया बोलणाऱ्या जेआर वनच्या नावावर एक. सेंट्रल लाइन शून्य. दर वेळी त्याची पाळी आली की तो कुठल्यातरी वॉर्डात दुभाष्याचं काम करत होता. मुद्दाम कोणी डावललं नव्हतं. सगळ्यांत जास्त वेळा मीच बोलावलं होतं, चारचौघांत कौतुकही केलं होतं. कौतुकाने लॉगबुक भरत नाही. आणि पहिल्या वर्षाचा मुलगा एचओडीला ‘नाही’ म्हणणार तरी कसा?

म्हणून रोस्टरमध्ये नवा रकाना पाडला: दुभाष्या. तेवढा वेळ ड्यूटीतच धरायचा. एकट्यावर भार नको म्हणून गोंडी-माडिया येणाऱ्या दोन वॉर्डबॉय मामांचे आणि एका सिस्टरांचे नंबर प्रत्येक वॉर्डात लावले. प्रोसिजरची पाळी नाव घालून आदल्या दिवशीच लिहायची. सीनियर रेसिडेंट कुरकुरला, ‘मॅडम, असे रकाने पाडत बसलो तर काम कधी करणार?’ म्हटलं, ‘अरे, आतापर्यंत हेही कामच होतं. फक्त त्याच्या एकट्याच्या हिशेबातून जात होतं.’

२.००
तिसऱ्या वर्षाच्या मुलांची तोंडी परीक्षा. एकजण बोलताना अडखळतो. ४० टक्क्यांवर अपंगत्व आहे एवढ्याच कारणाने एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला, तोही वाचादोष असलेल्या विद्यार्थ्याच्याच खटल्यात. प्रवेश न्यायालय देईल, पण वाक्य पुरं होईस्तोवर थांबायचं काम परीक्षकाचं. मी घड्याळ पालथं ठेवते. उत्तर अचूक येतं.

४.००
नवी बॅच भेटायला आली. पूर्वी मी पहिलाच प्रश्न विचारायची, ‘रँक किती?’ हेतू पाठ थोपटण्याचा. पण रँकवरून कोण कुठल्या प्रवर्गातून आलं याचा अंदाज बांधला जातो, आणि वर्गात त्या दिवसापासून न दिसणारी रेघ पडते. मुंबई आयआयटीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांना असा प्रश्न एकमेकांना विचारू नका असं सांगितलं, तेव्हा मी वरमले. आता विचारते, ‘कोणकोणत्या भाषा येतात?’ तोही प्रश्न निर्दोष नाही; माडियाचं नाव घेतलं की जमात कळतेच. म्हणून तो वर्गात नाही, माझ्या खोलीत, एकेकाला. आणि उत्तराबरोबर त्याचं नाव आपोआप दुभाष्याच्या रकान्यात चढवत नाही. आधी त्याची तयारी आहे का ते विचारते.

६.१५
निघताना महिला ड्यूटी रूमची कडी पाहून घेते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रात्रपाळीत सेमिनार हॉलमध्ये विसावायला गेलेल्या रेसिडेंटचं काय झालं, ते विसरता येत नाही. कडीच्या अर्जाने तीन टेबलं फिरून चार महिने घेतले. आज ती घट्ट बसते.

रात्री ९.३०
फोन. मेनिंजायटिसचा संशय असलेला पेशंट आलाय. ‘लंबर पंक्चर कोण करतंय?’ सीनियर रेसिडेंट म्हणतो, ‘त्याचीच पाळी आहे, मॅडम. मी बाजूला उभा आहे.’
‘आणि बेड १४?’
‘मघाशी परत दुखायला लागलं होतं. मामा बसलेत तिच्याजवळ, बोलतायत.’