घरचा संगणक (लेखांक ९) : सातबाऱ्याच्या फायलीला नाव काय द्यायचं?

मागच्या लेखांकात ब्राउझर वापरायला शिकलो. आज त्या ब्राउझरनं घरात आणून टाकलेल्या फायलींचं बघू.

गेल्या महिन्यात मुखेडमध्ये एका ओळखीच्या घरी बसलो होतो. पीककर्जाच्या नूतनीकरणासाठी सातबारा हवा होता आणि तो आदल्याच आठवड्यात पंधरा रुपये भरून, डिजिटल सहीचा, काढून ठेवलेला होता. मुलीनं डाउनलोड्स फोल्डर उघडलं, तर एकाच नावाच्या चार फायली. पहिली नुसती, पुढच्या तिघींच्या शेवटी कंसात एक, दोन, तीन. एक उघडली तर ती जांबच्या शेताची निघाली. दुसरी मामांची, कुणीतरी काढून मागितलेली. तिसरी दोन वर्षांपूर्वीची. चौथी उघडेपर्यंत वडिलांचा धीर सुटला. "ऱ्हाऊ दे माय, दुसरा काढ. पंधरा रुपयानं काय होतंय?" तिनं दुसरा काढला. आता फायली पाच झाल्या.

पंधरा रुपयांचं मला वाईट वाटलं नाही. हातात असलेला कागद आपल्याला ओळखू आला नाही, याचं वाटलं.

कंसातला आकडा कुठून येतो ते आधी समजून घ्या. त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये आधीच असेल, तर ब्राउझर जुनी पुसत नाही, नवीच्या नावाला आकडा जोडतो. म्हणजे तो आकडा फक्त कोण कितव्यांदा आलं एवढंच सांगतो. कागद कुणाचा, कुठल्या गटाचा, कुठल्या सालचा, यातलं काहीच त्यात नसतं. संकेतस्थळ नाव देतं ते स्वतःच्या सोयीनं. ई-आधारच्या फायली बघा: सगळ्यांची सुरुवात सारखी, पुढे लांबलचक आकडे. आईचं कुठलं न् आजीचं कुठलं, उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायची तर प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा.

म्हणून नाव आपणच द्यायचं, आणि फाइल उतरली की लगेच. फायलीवर एकदा क्लिक करून एफ-२ ही कळ दाबा, नाव बदलता येतं. त्याहून बरं म्हणजे, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये डाउनलोड्स या भागात प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याची सोय आहे, ती चालू करा. मग फाइल उतरण्याआधीच चौकट उघडते. नाव द्यायची हीच वेळ. संध्याकाळी देऊ म्हटलं की ते राहतंच.

आता त्या मुलीनं एफ-२ दाबून सरळ ७/१२ लिहायला घेतलं. सात उमटला, तिरपी रेघ काही उमटेना, आणि खाली सूचना आली. विंडोजमध्ये फायलीच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यांत ही तिरपी रेघ आहे. कारण साधं आहे: फाइल कुठल्या फोल्डरच्या आत आहे हा पत्ता संगणक तिरप्या रेघेनंच तोडतो. विंडोजची स्वतःची रेघ उलटी. १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा सरळ तिरपी रेघ आज्ञांसाठी आधीच वापरात होती, म्हणून पत्त्यासाठी उलटी घेतली. पण विंडोज दोन्ही रेघा ओळखतं आणि म्हणून नावात दोन्ही नाकारतं. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात मात्र ही रेघ गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र दाखवते. शेतकऱ्याच्या घरातला सगळ्यात मोठा कागद, आणि त्याचंच रूढ नाव संगणकाला चालत नाही. तेव्हा अक्षरात 'सातबारा' लिहा. आठ-अ उताऱ्याचा प्रश्न नाही, आडवी रेघ चालते.

त्यांतल्या जांबच्या फायलीला आम्ही दिलेलं नाव असं होतं: २०२५-०६-१२ सातबारा जांब गट ११८ बाबा. साल आधी, मग महिना, मग तारीख. आपण बोलताना तारीख आधी सांगतो, पण संगणक नावं डावीकडून लावत जातो. तारीख आधी लिहिली तर दर महिन्याची एक तारीख एका जागी गोळा होते आणि सालांचा गोंधळ उडतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव फोनमध्ये बघा, तिथंही साल आधीच आहे. आकडे मात्र कायम एकाच लिपीत ठेवा. काही मराठी, काही इंग्रजी केले तर यादीचा क्रम बिघडू शकतो.

बऱ्याच जणांना भीती वाटते, नाव बदललं तर डिजिटल सही बाद होईल. होत नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला कागद बदलत नाही. फायलीचं नाव ही तशी बाहेरची चिठ्ठी, सही आतल्या मजकुरावर असते. फक्त टिंबानंतरचं पीडीएफ तेवढं तसंच राहू द्या, त्यावरून संगणक फाइल कशात उघडायची ते ठरवतो. आणि ती शेवटची अक्षरं वाचायची सवय लावा. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर फायली फिरतात, शेवटी एपीके असतं. तो कागद नव्हे, फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. उघडू नका.

मराठीत नाव द्यावं का? घरासाठी जरूर द्या, घरातल्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. फोनवर न्यायची असेल तर नाव आटोपशीर ठेवा. ॲन्ड्रॉइडमध्ये नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट खाते. 'सातबारा' एवढ्या शब्दालाच एकवीस लागतात. अर्जासोबत फाइल चढवायची असेल तर तिची वेगळी प्रत करून रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता छोटं नाव द्या. काही संकेतस्थळं देवनागरी नाव घेत नाहीत.

फोल्डर थोडेच करा: शेती, शाळा-कॉलेज, ओळखपत्रं, बँक, दवाखाना. 'महत्त्वाचं' नावाचं फोल्डर करू नका, वर्षभरात सगळंच तिथं जाऊन पडतं. आणि कुठलंच फोल्डर डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोज नव्यानं टाकताना बहुतेक वेळा सी ड्राइव्ह पुसली जाते. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स दोन्ही तिथंच असतात.

डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, ती बहुधा त्याच डिस्कचा दुसरा भाग असते; संगणकच गेला तर दोन्ही जातात. १७-१८ ऑगस्ट २०२५च्या रात्री आपल्याच मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळमध्ये पाणी घरात शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, तिथं कपाटातल्या कागदांची काय कथा. अशा घरांना मदतीसाठी पुन्हा कागदच दाखवावे लागतात. एक प्रत पेनड्राइव्हवर करून दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्या, आणि दुसरी स्वतःलाच ई-मेल करा.

पुढच्या आठवड्यात त्या ई-मेलमधून फाइल परत कशी काढायची ते बघू. तोवर एवढं करा: आज डाउनलोड्स उघडा आणि सातबारा, आठ-अ आणि आईचं आधार या तीन फायलींना नाव द्या.