दिसणें आणि नजरेंत भरणें

इंग्रजी शिकणाऱ्या मुलानें संध्याकाळीं पुस्तक पुढें करून ‘कॉन्स्पिक्युअस म्हणजे काय?’ असें विचारलें, तर बहुतेक घरांत त्यास ‘स्पष्ट दिसणारें’ हें उत्तर मिळतें. उत्तर बरोबर आहे. किंबहुना देणारास वाटत असतें त्याहूनही अधिक बरोबर आहे. या इंग्रजी शब्दाच्या पोटांत ‘स्पेकेरे’ हें ‘पाहणें’ या अर्थाचें लॅटिन क्रियापद आहे, आणि आपल्या ‘स्पष्ट’ शब्दाच्या मुळाशीं ‘स्पश्’ हा संस्कृत धातु आहे. भाषाशास्त्रज्ञ हीं दोन्हीं एकाच मूळचीं मानतात. वरुणाच्या हेरांस वेदांत ‘स्पश’ म्हटलें आहे. इंग्रजींतील ‘स्पाय’ही त्याच कुळांतला. म्हणजे घरांतील वडील माणसानें परक्या शब्दाचा अर्थ सांगतांना नकळत त्याच्याच भावास हांक मारली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ग्रीक भाषेकडे वळलें तर हें नातें अधिकच मनोरम दिसतें. उघड दिसणाऱ्या गोष्टीस प्राचीन ग्रीक लोक ‘फानेरॉस’ म्हणत. ‘फाइनो’ म्हणजे प्रकाशांत आणणें, दाखविणें. संस्कृतांत जेथें ‘भ’ तेथें ग्रीकांत ‘फ’ येतो. आपला ‘भ्राता’ तो त्यांचा ‘फ्रातेर’. या नियमानें ‘फाइनो’ आपल्या ‘भा’ धातूपाशीं येऊन पोहोंचतो. भानु, प्रभा, प्रतिभा हे सारे त्याच घरचे.

आणि येथेंच आम्हांस मराठवाड्यांतील परभणीची आठवण होते. या गांवाचें जुनें नांव प्रभावतीनगरी होतें व तें तेथील प्रभावती देवीवरून पडलें, अशी परंपरागत समजूत आहे. ती मान्य केली, तर परभणीच्या नांवांत आणि अथेन्सच्या बाजारांत बोलल्या जाणाऱ्या ‘फानेरॉस’ शब्दांत एकच धातु प्रकाशत आहे! हा जिल्हा १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तेथील सरकारी कारभार उर्दूंत चाले. त्या कागदांतील ‘जाहीर’ हा अरबी शब्दही मूळचा ‘बाहेर दिसणारें’ याच अर्थाचा. मराठीनें तो आपलासा केला व त्यापासून बनलेली ‘जाहिरात’ आज ‘नजरेंत भरा’ एवढेंच सांगत सर्वत्र फिरते आहे.

ग्रीक शब्दाचा भारतीय अर्थ लावण्याचा प्रयत्न मात्र आजचा नव्हे. वायव्य भारतांत राज्य करणाऱ्या कांहीं यवन राजांनीं ‘एपिफानेस्’, म्हणजे प्रगट झालेला, अशी पदवी धारण केली होती. त्यांच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक लेख असे व दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपींत प्राकृत. स्ट्रॅटो राजाच्या नाण्यांवर या पदवीसाठीं ‘प्रत्यक्ष’ या शब्दाचें प्राकृत रूप योजिलें आहे. अक्षि म्हणजे डोळा. जें डोळ्यांसमोर उभें तें प्रत्यक्ष. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या अज्ञात भाषांतरकाराचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. परंतु नजरेंत भरण्याची हौस हास्यास्पदही होते. सीरियाचा राजा चवथा अँटिओकस यानेंही हीच पदवी घेतली. तेव्हां त्याच्या विक्षिप्त वागण्यास अनुलक्षून लोक एका अक्षराच्या फेरानें त्यास ‘एपिमानेस्’, म्हणजे वेडा, म्हणूं लागले.

हा दुहेरीपणा शब्दांच्या अंगींच आहे. ‘भा’पासून प्रभा झाली, तसाच ‘भास्’ या तिच्या भगिनीधातूपासून ‘भास’ही झाला. ग्रीकांतही तोच प्रकार: इंग्रजींतील ‘फँटम’ व ‘फॅन्सी’ हे शब्द ‘फाइनो’चेच वंशज. जें दिसतें तें खरें असतेंच असें नाहीं, हें दोन्ही भाषांनीं स्वतंत्रपणें ओळखलें. ‘एग्रीजिअस’ म्हणजे मूळ लॅटिनांत कळपांतून वेगळा उठून दिसणारा. इंग्रजींत तो एके काळीं स्तुतीचा शब्द होता, आज घोर चुकीस लावतात. ‘ऑब्व्हिअस’ म्हणजे वाटेंत समोर आलेलें. न पाहणें शक्यच नाहीं असें.

मराठीची श्रीमंती याहून कमी नाहीं. कपाळावरचें कुंकू ठसठशीत असतें, खोटें ढळढळीत असतें, मथळा ठळक असतो. गुणी मुलगा चारचौघांत उठून दिसतो, डोळ्यांत भरतो; पण त्याचा उत्कर्ष फार झाला कीं तो लोकांच्या डोळ्यांवर येतो आणि पुढें डोळ्यांत खुपूं लागतो. एवढ्या पायऱ्या एका डोळ्याच्या आधारें चढणारी भाषा थोडी नव्हे! गोऱ्यागोमट्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावणाऱ्या आजीबाईंस ही सारी मीमांसा ठाऊकच असते.

येथवर शब्दांची गंमत झाली. परंतु आपल्या मोठ्या कुटुंबांत या शब्दांचा एक गंभीर प्रश्नही आहे. घरांत कोण दिसतें आणि कोण दिसत नाहीं? रोमन इतिहासकार टॅसिटस यानें सन २२ मधील एका अंत्ययात्रेचें वर्णन केलें आहे. मृत स्त्री ब्रूटसची बहीण व कॅसिअसची पत्नी होती. मिरवणुकींत अनेक घराण्यांच्या प्रतिमा होत्या, पण या दोघांच्या नव्हत्या. आणि म्हणूनच ते दोघे सर्वांत अधिक झळकले, असें तो म्हणतो. १८५९ सालीं लॉर्ड जॉन रसेल यानें याच कल्पनेवरून ‘अभावानेंच नजरेंत भरणें’ हा वाक्प्रचार इंग्रजींत रूढ केला. घरची वडील सून माहेरीं गेली कीं दुधाला विरजण लागत नाहीं, देवाचें निरांजन सांपडत नाहीं, आजोबांचें औषध राहून जातें. वर्षभर जी कोणास दिसली नाहीं, ती चार दिवसांत पदोपदीं दिसूं लागते!

याच परभणी जिल्ह्यांत गोदातीरीं गंगाखेड आहे. तेथली जनाबाई लहानपणींच पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आली, असें परंपरा सांगते. दळण, कांडण, शेणी हें तिचें काम. अभंगांतही ती स्वतःस नामदेवांची दासी म्हणवून घेते. भरल्या घरांत तिच्याकडे वळून पाहण्याचें कोणास कारण नव्हतें. आज मात्र गंगाखेड म्हटलें कीं प्रथम तिचेंच नांव ओठांवर येतें, आणि जात्यावर बसलेली ती मूर्ति महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर उभी राहते. ती अभंग रचूं शकली म्हणून आपणांस दिसली. ज्यांनीं तितकेंच दळलें आणि कांहीं रचलें नाहीं, त्या कोणास दिसल्या?

म्हणून मुलानें पुन्हा तो इंग्रजी शब्द विचारला, तर ‘स्पष्ट दिसणारें’ हा अर्थ सांगून थांबूं नये. घरांतलीं कोणतीं माणसें आपणांस स्पष्ट दिसतात, तें त्याला एकदां मोजावयास सांगावें. आणि त्याच्याबरोबर आपणही मोजावें.