शेवटचे औषध हरते तेव्हा

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ज्यांनी रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना डॉक्टरांच्या तोंडचे एक वाक्य विसरता येत नाही: 'जंतू औषधांना दाद देत नाहीत.' अपघातातून वा मोठ्या शस्त्रक्रियेतून सावरू लागलेला माणूस आठवड्याभरात न्युमोनियाने दगावतो आणि घरची मंडळी दैवाला बोल लावीत स्मशानातून परततात. आमच्या मते दैवाला बोल लावणे आता पुरे झाले. या मृत्यूंमागे मानवी कारणे आहेत आणि त्यांतील काही आपल्याच घरातील आहेत.

कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागते. ती प्राण वाचवते. परंतु नाकाची गाळणी आणि खोकल्याची ढाल हे निसर्गाचे दोन्ही पहारे तिच्यामुळे उठतात. घशातील स्राव नळीच्या कडेने झिरपून फुफ्फुसात उतरतो. नळी घातल्यापासून ४८ तास उलटल्यावर जो न्युमोनिया जडतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा ॲसिनेटोबॅक्टर, स्युडोमोनास वा क्लेब्सिएला हे जंतू असतात. यांतला पहिला तर कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे तग धरतो. कार्बापेनेमसारख्या प्रबळ औषधांनाही न जुमानणाऱ्या या जंतूंना जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्वांत गंभीर वर्गात घातले. मग हाती उरते ते कोलिस्टिन. मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात मागे पडलेले हे औषध वैद्यांना पुन्हा उचलावे लागले, यातच परिस्थितीची बिकटता आली.

हे जंतू असे शिरजोर झाले कशाने? पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते निबर होतात. आपण नेमके तेच करीत आलो. साध्या सर्दीपडशावर, जिथे प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग नाही, तिथे दुकानातून चिठ्ठीवाचून गोळ्या आणायच्या. ताप उतरला की उरलेल्या फडताळात ठेवायच्या आणि पुढे शेजाऱ्याला द्यायच्या! दुबळे जंतू मरतात, चिवट उरतात आणि आपला चिवटपणा इतर जंतूंनाही देतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार बळी थेट घेतले, असा संशोधकांचा अंदाज आहे.

कायदे नाहीत असे नाही. महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे बंधन २०१४ पासून आहे. कोंबड्या व गुरांना कोलिस्टिन देण्यास केंद्राने २०१९ मध्ये मनाई केली. केरळने २०१८ साली स्वतःचा कृती आराखडाही आखला. गोव्यासारख्या आटोपशीर राज्याला हे अवघड का वाटावे? प्रत्येक अतिदक्षता विभागातील जंतुसंसर्गाचे प्रमाण जाहीर व्हावे, जंतुपरीक्षणाची सोय जिल्हा रुग्णालयांतही अहोरात्र असावी आणि परिचारिकांची संख्या पुरेशी असावी, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.

रुग्णालयांचे कर्तव्य तर याहून साधे आहे. प्रत्येक रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, खाटेची उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, रुग्णाचे तोंड स्वच्छ राखणे आणि नळी काढता येईल काय याची रोज तपासणी करणे, यांना फारसा खर्च येत नाही. परंतु एकाच परिचारिकेवर अनेक खाटांचा भार पडला म्हणजे पहिली काटछाट होते ती हात धुण्याचीच.

आणि वाचकांचे काय? प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, मनाने थांबवू नये, दुसऱ्याला देऊ नये. आप्ताला भेटायला जाताना हात धुवावेत. फडताळातली ती उरलेली गोळी क्षुल्लक दिसते खरी. परंतु तिचे मोल उद्या कोणी तरी अतिदक्षता विभागात मोजणार आहे. तो आपलाच माणूस नसेल, अशी हमी कोण देणार?