तळ्यात मासोळी नेमकी कुठे असते?

पूर्व विदर्भातल्या तळ्यांवर आजवर जे लिहिले गेले, ते बहुतांशी पाण्याविषयी आणि भाताविषयी आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने तळी कशी बांधली, पाळ कशी घातली, तुडुमातून बांध्यांना पाणी कसे सोडले, हे आता वाचकांना ठाऊक आहे. मासोळीचा उल्लेख येतो तो ‘पूरक उत्पन्न’ म्हणून, एखाद्या ओळीत. मला वेगळा प्रश्न पडला होता. चाळीस-पन्नास एकरांच्या पाण्यात मासा नेमका कुठे असतो, आणि तो तिथे आहे हे काठावरच्या माणसाला कसे कळते? नागपूरहून एस.टी.ने भंडारा, साकोली, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध अशा फेऱ्या मी केल्या त्या याच प्रश्नापायी. एका वयस्क ढिवराने त्याचे उत्तर एका वाक्यात दिले. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ होतो, हे ध्यानात ठेवून ते वाचावे : “मासोरी पान्यात नाई पाहा लागत बाबू, गवतात पाहा लागते.”

या ‘गवता’चा अर्थ कळण्यासाठी तळ्याचा आकार डोळ्यांपुढे आणावा लागतो. मालगुजारी तळे विहिरीसारखे सगळीकडून खोल नसते. पाळीकडे, तुडुमाजवळ ते सर्वांत खोल. तिथून समोरच्या काठाकडे, जिथून पावसाचे पाणी आत येते तिकडे, तळ हळूहळू उथळ होत जातो. या उतारावर खोलीप्रमाणे वनस्पतींचे पट्टे पडतात. काठाच्या ओल्या चिखलात लव्हाळा आणि त्याचे भाऊबंद. गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात कमळ, कुमुद अशा मुळे तळात आणि पाने पृष्ठभागावर असणाऱ्या वनस्पती. त्यापुढे पूर्ण बुडालेल्या, शास्त्रात ज्यांना हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम म्हणतात त्या. त्याही पलीकडे, उजेड पोचत नाही तिथे, मोकळे पाणी. तळ्याचा नकाशा म्हणजे हे पट्टे, आणि प्रत्येक जातीचा मासा आपापला पट्टा धरून असतो.

झिंगे, चांदा आणि खवल्यांचे लहान मासे हायड्रिलाच्या जाळीत राहतात, कारण त्यांचे खाणे तिथेच पानांवर वाढते आणि मोठ्या माशाला त्या जाळीत सहज शिरता येत नाही. टेंगरा तळाशी, चिखलालगत. शिवडा हा दांडगा शिकारी दिवसा खोल, अंधाऱ्या जागी पडून असतो आणि रात्री बाहेर पडतो, म्हणून त्याचे गळ संध्याकाळी लावायचे. मरळ मात्र गवताच्या कडेला : दाट वनस्पती जिथे संपतात आणि मोकळे पाणी सुरू होते त्या सीमेवर. लपायला मागे आडोसा आणि झडप घालायला पुढे अंगण.

मरळीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण शोधण्याची सगळी विद्या तिच्यापाशी एकवटली आहे. मरळ कल्ल्यांबरोबरच थेट हवेतूनही श्वास घेते. त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने वर यावेच लागते. वारा पडलेल्या सकाळी पाळीवर नुसते बसून राहिले, तर पाण्यावर उठणारे वर्तुळ आणि एक हलका ‘चप्’ आवाज तिचा पत्ता सांगतो. जाणता माणूस वर्तुळाच्या आकारावरून वजनाचा अंदाज करतो. दुसरी खूण पावसाळ्यातली. मरळ उथळ पाण्यात वनस्पती बाजूला सारून घरट्यासारखी जागा करते, आणि पिल्ले झाली की आईबाप त्यांच्याखाली पहारा देतात. पिल्लांचा लालसर-नारिंगी पुंजका पाण्यावर उकळल्यासारखा हलताना दिसतो. त्या पुंजक्याजवळ गळाला लावलेला बेडूक नाचवला की मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते, कारण तिला पिल्लांचा शत्रू हाकलायचा असतो. म्हणजे ती सापडायला सर्वांत सोपी तेव्हाच असते, जेव्हा तिला धरणे सर्वांत महाग पडते : एक मरळ टोपलीत येते आणि शेकडो पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. पिल्लांवरची मरळ मारू नये, असे जुनी माणसे सांगतात. ते सर्वत्र पाळले जाते असे मात्र मी म्हणणार नाही.

गंमत अशी की हेच व्याकरण मला अमेरिकन गळकऱ्यांच्या पुस्तकांत भेटले. तिकडच्या सरोवरांत क्रॅपी नावाचा, तळहाताएवढा चपटा मासा मिळतो. वसंतात पाणी साधारण १६ ते १८ अंश सेल्सियसपर्यंत तापले की तो उथळात येतो, नर तळाशी घरटे करून अंडी राखतो. एरवी तो बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत थव्याने थांबतो. नवी धरणे जुनी झाली, बुडालेली झाडे कुजून गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी नाताळची वापरून झालेली झाडे दगड बांधून तळाशी सोडायला सुरुवात केली. बांगलादेशात फांद्यांचे असेच ढीग पाण्यात घालून मासे जमवतात, त्याला ‘काठा’ म्हणतात. आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये ‘अकाजा’. माशाला आडोसा हवा, ही गोष्ट तीन खंडांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता ओळखली. आपल्याकडच्या तळ्यांत फांद्या टाकण्याची गरज नव्हती. आडोसा उगवून येत होता.

तो का नाहीसा झाला, याची सुरुवात नागपुरात झालेल्या एका कायद्यापाशी जाते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१पासून तळी सरकारजमा झाली. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण गाळ काढणे, पाळ बांधणे ही जबाबदारी गावाच्या हातून सुटून खात्याच्या कागदावर गेली. मासेमारीचे ठेके पुढे मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागले, आणि याच सुमारास मासाही बदलला. रोहू, कटला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले, आणि बोटुकली विकत घेऊन कोणत्याही तळ्यात सोडणे शक्य झाले. देशाच्या ताटात मासा वाढला तो यामुळे, हे नाकारता येत नाही. त्याच दशकात सायप्रिनस आणि गवत्या हे परदेशी मासेही आले.

या नव्या माशांना शोधावे लागत नाही. किती सोडले हे वहीत असते. वर्षअखेर पाणी कमी झाले की ओढजाळे लावून एका दमात काढायचे. ओढजाळ्याला मात्र तळ साफ लागतो. वनस्पतींत ते अडकते, फाटते. म्हणून तोवर जे माशाचे घर होते ते ‘कचरा’ ठरले आणि उपटले गेले. उरलेले गवत्या माशाने संपवले, कारण हायड्रिला हेच त्याचे आवडते खाणे. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, मग उजेड खाली जात नाही आणि नवे रोप रुजत नाही. मोकळ्या पडलेल्या काठावर बेशरम माजली. गुरेही तिला तोंड लावत नाहीत. मरळ, टेंगरा, झिंगे फुकट, दरवर्षी आपोआप तयार होत होते. त्यांच्या जागी दरवर्षी विकत घ्यावे लागणारे बियाणे आले. शेतीत आपण हे पाहिलेच आहे.

माझ्या मते या बदलातला मोठा तोटा टोपलीतल्या वजनाचा नाही. ढिवराचा मुलगा जाळे ओढायला शिकला, पण वर्तुळ वाचायला शिकला नाही, कारण त्याची गरजच उरली नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात ढिवरांची नोंद जातीचा धंदा म्हणून आहे : मासे धरणारे, पाणी भरणारे, शिंगाडा लावणारे. त्या धंद्यामागे एक वनस्पतिशास्त्र होते, ते नोंदवायचे राहिले. नवेगावबांधला वनाधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींमुळे त्या पाण्यावरचे पक्षी मराठी वाचकांच्या घरात पोचले. पाण्याखालच्या मासोळीला तसे भाग्य लाभले नाही.

नागपूर शहरात तर आता वाचण्यासारखे फारसे उरलेले नाही. अंबाझरी, फुटाळ्यावर रविवारी गळ टाकून बसणाऱ्यांच्या हाती बहुधा तिलापिया लागतो. १९५२ साली देशात आणलेला हा आफ्रिकी मासा नापीक, सांडपाण्याच्या तळ्यातही तगतो. नर तळात खळगा करतो, मादी अंडी तोंडात धरून वाढवते. तिला ना गवत लागते, ना आडोसा.

उलट दिशेचे काम झाले ते अर्जुनी मोरगावच्या बाजूला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी मिळून काही तळ्यांतली बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती लावल्या. कोणती वनस्पती किती पाण्यात लावायची, कोणत्या माशाला ती लागते, हे सांगायला तज्ज्ञ आणावा लागला नाही. म्हाताऱ्यांना ठाऊक होते, आणि मासे विकत फिरलेल्या बायकांनाही. भात लावतात तशीच वाकून, रांगेने ही लावणी होते. रोपे धरल्यावर देशी मासे परत येऊ लागतात : आधी गवतातले लहान, मग त्यांच्या मागावर मोठे.

अडचण हिशेबाची आहे. सरकारी कागदावर तळ्याचे मोल सोडलेल्या बोटुकलीच्या संख्येत मांडले जाते. आपोआप जन्मलेल्या मरळीला तिथे रकाना नाही. बाजारात मात्र जिवंत मरळीला रोहूपेक्षा चढा भाव मिळतो. ठेक्याची रक्कम दरवर्षी भरायची असते आणि लावलेले गवत नीट पसरायला दोन-तीन पावसाळे जातात. मधली वर्षे कशी काढायची, यावर संस्थांच्या बैठकांत अजून वाद चालू आहे.